शिक्का कपाळावरचा आणि शिक्का भुवईतला

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३६ वर्षांच्या अभिनेत्री आहेत. मुंबईत येण्याआधी सात-आठ वर्षे त्या सांगलीकडे हौशी रंगभूमीवर आणि राज्य नाट्य स्पर्धेत काम करत होत्या. नंतर एका दैनंदिन मालिकेत साडेतीन वर्षे त्यांनी घर फोडणाऱ्या थोरल्या जावेची भूमिका केली. मालिका गाजली, चेहरा घरोघरी पोहोचला आणि चार महिन्यांपूर्वी मालिका संपली. त्यानंतर पाच ठिकाणांहून विचारणा झाली. पाचही भूमिका कारस्थानी बायकांच्या आहेत आणि त्यांतली ताजी तर तिशीतल्या नायकाच्या सावत्र आईची आहे. होकार की नकार, हे महिनाअखेरीस कळवायचे आहे. डोंबिवलीतल्या घराचे हप्ते चालू आहेत. गावी सासूबाईंना शेजारच्या बायका विचारतात, "तुमची सून घरीही अशीच वागते का?" वर्षभर एकही नकारात्मक भूमिका घेतली नाही तर हा शिक्का पुसला जाईल का, की आपल्यातली अष्टपैलू नटी या मालिकेने कायमची संपवली, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात 'शिक्का' हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि 'तालीम' हा शब्द एकदाही आलेला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. साडेतीन वर्षे तालमीशिवाय काम केलेल्या माणसाच्या लिहिण्यातून तो शब्द गळून पडणे साहजिक आहे. मात्र माझे बरेचसे उत्तर त्या न आलेल्या शब्दाभोवती फिरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

भूमिकांचे साचे ही वाहिन्यांनी काढलेली टूम नाही. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत नट राजापार्ट किंवा स्त्रीपार्ट म्हणूनच ओळखला जाई, आणि तमाशातला सोंगाड्या व मावशी हे तर ठरलेलेच असत. त्या नटांची कोणी कीव केल्याचे ऐकिवात नाही, कारण एकच चौकट वर्षानुवर्षे प्रेक्षकांसमोर उभी करताना ती आतून भरत नेण्याची सवड त्यांना मिळत असे. मालिकेत ती सवड नसते. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, प्रत्येक भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा, संवादांची पाने पुष्कळदा त्याच सकाळी सेटवर आलेली, आणि पाहणारी व्यक्ती कणीक मळता मळता पाहणार, हे गृहीत धरलेले. अशा वेळी दिग्दर्शकाला असा नट हवा असतो, की ज्याला काही समजावून सांगावे लागणार नाही. पाचही जणांनी तुम्हाला कारस्थानी बाईसाठीच विचारले, ते तुमच्या गुणांविषयी त्यांनी काही प्रतिकूल मत बनवले म्हणून, असे मला वाटत नाही. तुम्हाला घेतले की त्यांचा दिवसाचा अर्धा तास वाचतो, एवढे साधे कारण त्यामागे असावे. अपमान म्हणून घेतलेली गोष्ट आणि व्यवहार म्हणून घेतलेली गोष्ट यांना आपण वेगवेगळी उत्तरे देतो, म्हणून हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आता वर्षभराच्या नकाराविषयी. मी स्वतः हा उपाय करून पाहिलेला आहे. एके काळी मी सलग नऊ-दहा वर्षे चित्रपटांत फौजदार होतो. इतका, की पोशाख पुरवणाऱ्या माणसाने मला फोनवर माप विचारणे सोडून दिले होते. माझ्या नावाची खाकी विजार त्याच्याकडे तयारच असे. एका दिवाळीत मी ठरवले की आता खाकी अंगाला लावायची नाही, आणि दीड वर्ष तो निश्चय पाळलाही. त्या दीड वर्षात एवढेच घडले, की माझ्या जागी दुसरा एक उंच माणूस फौजदार झाला. मी काय नाकारले याचा पत्ता कोणालाच नव्हता, कारण नाकारलेली भूमिका पडद्यावर दिसत नाही. शिवाय घरी बसून माझे वजन वाढले. पुन्हा विचारणा झाली ती निवृत्त फौजदारासाठी!

हसण्यावारी नेले तरी त्यातून एक गोष्ट मला कळली. ज्यांनी भूमिका द्यायच्या त्यांच्या डोळ्यांपुढे तुमचे एक चित्र असते, आणि ते चित्र तुमच्या गैरहजेरीने बदलत नाही. त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे लागते. तो निवृत्त फौजदार दोनच प्रवेशांचा होता. पहिल्या प्रवेशात तो नातवाच्या बुटाची नाडी बांधत असतो आणि पोट आड येत असल्यामुळे त्याला ती नीट बांधता येत नाही. त्या नाडीवर मी आठ दिवस घालवले. पुढे एका नाटकात शाळामास्तराची भूमिका मिळाली, ती देणाऱ्या दिग्दर्शकाला माझी दहा वर्षांची फौजदारकी आठवत नव्हती, ती नाडी आठवत होती. फौजदाराचा शिक्का मात्र आजही गेलेला नाही. रेल्वे स्थानकावर अजूनही कोणीतरी मला सलाम ठोकतो.

तुमच्या पत्रातले जे गृहीतक मला सर्वांत अधिक खटकले ते असे, की अष्टपैलू नट म्हणजे ज्याला निरनिराळ्या प्रकारच्या भूमिका मिळतात तो. मिळणे हे पुष्कळसे दुसऱ्यांच्या हाती असते. ललिता पवारांचे उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची ही मुलगी मूकपटांच्या काळापासून काम करत होती आणि नायिका म्हणून स्थिरावली होती. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात तोंडावर बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे त्याच डोळ्याने त्यांना हिंदी पडद्यावरची सर्वांत प्रसिद्ध खाष्ट सासू बनवले. १९८७ साली दूरदर्शनच्या रामायणातली मंथराही त्यांच्याचकडे आली. शिक्का म्हणावा तर याहून पक्का कोणता असेल?

आणि तरीही १९५९ च्या 'अनाड़ी'मधली त्यांची मिसेस डिसा एकदा पुन्हा पाहा. सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना तिच्यासाठी मिळाले. ही घरमालकीण भाडेकरू पोरावर सतत खेकसते. आवाज तोच, तो बारीक डोळा तोच, जिभेची धारही सासूचीच. मिसेस डिसासाठी त्यांनी कोणताही गोड आवाज शोधून आणलेला नाही. मात्र ओरडणारी ही बाई त्या पोराच्या जेवणाची काळजी करते आहे, हे आपल्याला ओरडण्यातूनच कळत राहते. हत्यार एकच असून त्याने दोन अगदी उलट कामे करून घेता येतात, हे ज्याला साधले त्याला मी अष्टपैलू म्हणेन. पाच वेगवेगळ्या वेशांत एकसारखाच वावरणाऱ्या नटाला म्हणणार नाही.

निळू फुल्यांविषयी तर तुम्हाला सांगावे असे काही नाही. तुमच्याच मुलखात त्यांचे चित्रपट तंबूंत लागत आणि बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. पण 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस या दोन भूमिका एका आठवड्यात लागोपाठ पाहा, अशी मी तुम्हाला विनंती करतो. पहिला माणूस खोलीत आला की खोली त्याची होते. दुसरा खोलीत असूनही कोणाच्या लक्षात येत नाही आणि सगळे पाहत राहतो. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक जब्बार पटेल होते, हा योगायोग समजू नका. पाटलाचे काम करून घेताना ज्याने या नटाचे गप्प राहणेही पाहिले असेल, त्यालाच पुढे त्याच्यात दिगू दिसणार. चौकटीबाहेरची भूमिका बहुधा अनोळखी ऑडिशनमधून येत नाही. आपल्याबरोबर आधी काम केलेल्या आणि आपल्याला चहाच्या वेळी, तालमीच्या कोपऱ्यात पाहिलेल्या माणसाकडून येते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला केवळ गोड कथा ऐकवल्यासारखे होईल. विनोदाचा बादशहा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२ साली 'एक होता विदूषक' केला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचे आणि काम असे, की त्यात त्यांनी आपली सारी पुण्याई ओतली होती. चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही, आणि बेर्डे पुन्हा त्यांच्या नेहमीच्या विनोदी चित्रपटांकडे वळले. तेव्हा एका धाडसी भूमिकेने सगळे बदलेल, अशी आशा मनात असेल तर ती आत्ताच थोडी कमी करून ठेवा. नायकाचा मित्र म्हणून अडकलेल्या एका तरुणाचे पत्रही या महिन्यात माझ्याकडे आले आहे, आणि 'एकच संधी हवी' असे त्याने तीनदा लिहिले आहे. त्यालाही माझे हेच सांगणे आहे.

आता तालमीकडे येतो. मध्यंतरी एका नाटकाला गेलो होतो. मालिकेतून आलेली एक गुणी मुलगी रंगमंचावर होती, वाक्ये चोख पाठ होती, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. परंतु प्रत्येक तिखट वाक्यानंतर ती क्षणभर थांबत होती, मान किंचित तिरकी, एक भुवई वर. पहिल्या अंकाच्या अखेरीस माझ्या लक्षात आले, की ती क्लोज-अपची वाट पाहत होती. मालिकेत वाक्य संपल्यावर संकलकाला चेहरा हवा असतो, त्यावर संगीत चढते आणि उरलेला अभिनय ते संगीत करते. साडेतीन वर्षे रोज बारा तास हे करणाऱ्या शरीराला ती सवय लागली नाही तरच नवल. बाजाराने कपाळावर मारलेला शिक्का एका वेळी एकेका निर्मात्याच्या डोक्यातून निघू शकेल. भुवईत जाऊन बसलेला शिक्का मात्र तुमच्याखेरीज कोणालाही काढता येणार नाही. तुम्ही पहिल्याची चिंता करता आहात. मला दुसऱ्याची अधिक वाटते.

म्हणून एक करा. तुमच्याच मालिकेतला एखादा प्रवेश घ्या, ज्यात थोरली जाऊ धाकटीला घालूनपाडून बोलते. तो प्रवेश तांदूळ निवडत म्हणा, खरेच तांदूळ पुढ्यात घेऊन आणि खडे खरोखर शोधत. मग तोच प्रवेश दाढ दुखत असलेली बाई म्हणून म्हणा. मग ६.५२ ची लोकल चुकेल या घाईत म्हणा. आणि शेवटी असा म्हणा, की धाकटीच्या हातून घर बुडणार आहे अशी थोरलीची प्रामाणिक खात्री आहे आणि ती घर वाचवते आहे. एकही शब्द बदलायचा नाही. कोणीतरी समोर बसलेले असावे, कॅमेरा नसला तरी चालेल, आणि त्या माणसाला फक्त भुवईवर लक्ष ठेवायला सांगा. महिनाभर हे केल्यावर एक तर भुवई खाली येईल किंवा ती का वर जात होती ते तरी तुम्हाला कळेल. आकाशवाणीच्या श्रुतिका, डबिंग, श्राव्य पुस्तके ही कामेही याच कारणासाठी शोधा. तिथे पैसे फार नाहीत, पण चेहऱ्याला तिथे काही कामच नसते आणि सगळा भार आवाजावर येतो.

पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, तुम्ही एक वाक्य लिहिले आहे : बाविसाव्या वर्षी एका एकांकिकेत तुम्ही साठीच्या शेतमजूर बाईचे काम केले होते आणि 'ते बरे झाले होते, असे लोक म्हणत'. सबंध पत्रात मला हेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटले आणि तुम्ही ते असे दाराआडून सांगितले आहे. ती बाई कोणत्या बोलीत बोलत होती? तुमच्या गावच्याच असणार. मुंबईत आल्यावर ती बोली सोडा, असे तुम्हाला सेटवर सांगितले गेले, हेही तुम्ही लिहिले आहे. आज गावाकडच्या भाषेतल्या मालिका, चित्रपट आणि वेब मालिका निघत आहेत आणि मुंबई-पुण्याचे नट ती भाषा शिकवणी लावून शिकत आहेत. तुम्ही मात्र ती ट्रंकेत घालून ठेवली आहे. ऑडिशनसाठी पाठवायची तुमची चित्रफीत आज मालिकेतल्या तुकड्यांची असेल. ती बाजूला ठेवा. साधी सुती साडी, रंगरंगोटी नाही, खिडकीतला उजेड, आणि त्या बाईचे तीन मिनिटांचे बोलणे, एवढेच चित्रित करून घ्या. मघाशी मी शेजारी ठेवायचे दुसरे चित्र म्हणालो, ते तुमच्या बाबतीत हे असू शकेल.

स्वतःसाठी स्वतः काही लिहावे का, हेही तुम्ही विचारले आहे. दिलीप प्रभावळकरांनी 'हसवाफसवी' स्वतः लिहिले आणि त्यात सहा भूमिका केल्या. चिमणराव, तात्या विंचू आणि गांधीजी या तिघांत एकच माणूस आहे हे पटायला आजही वेळ लागतो. पण त्यांची लेखणी नाटकाआधीही चालू होती. लिहिण्याची सवय नसेल तर केवळ स्वतःला भूमिका हवी म्हणून लिहिलेला एकपात्री प्रयोग बहुधा तक्रारीचे भाषण होतो. त्यापेक्षा चांगल्या लेखकाची जुनी एकांकिका रीतसर परवानगी घेऊन करणे अधिक बरे.

आता व्यवहार. मालिकांचे पैसे साधारण ९० दिवसांनी हाती येतात, म्हणजे तुमचा शेवटच्या महिन्याचा धनादेश आत्ताच कुठे आला असेल आणि पुढची पाटी कोरी असेल. हप्ता, घरखर्च आणि गावी पाठवायची रक्कम यांची बेरीज करून सहा महिन्यांचा आकडा कागदावर काढा. तेवढे बँकेत असेल तर नकार परवडतो. नसेल तर सहाव्या आठवड्यातच घाबरून तुम्ही याहून वाईट भूमिका आजच्याहून कमी पैशांत घ्याल, आणि त्या वेळी अटी घालण्याची ताकदही उरणार नाही. पोटासाठी काम घेण्यात कमीपणा नाही, डॉ. श्रीराम लागूंसारखा नट कान-नाक-घशाचा शल्यविशारद होता आणि वैद्यकी सोडून पूर्ण वेळ नट झाला तो चाळिशी उलटल्यावर. घाईने घर जाळून कोणी नट झालेला नाही.

सावत्र आईच्या भूमिकेविषयी माझे मत थोडे कडक आहे. इथे अडचण तिच्या खलपणाची नसून वयाची आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी ऐन तारुण्यात 'गांधी'मध्ये कस्तुरबांचे तरुणपणापासून वार्धक्यापर्यंतचे आयुष्य उभे केले आणि त्यासाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यानंतर हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांच्याकडे मुख्यतः आईच्याच भूमिका दिल्या; १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये तर त्या स्वतःहून वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांची आई होत्या. त्यांच्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे शिक्षण आणि मराठी रंगभूमीचा भक्कम आधार होता, म्हणून त्या त्यातूनही आपले काम करत राहिल्या. वयाची पायरी चढून गेलेल्या नटीला मालिकेचा धंदा सहसा खाली उतरू देत नाही. साठीची शेतमजूर बाई रंगमंचावर करणे वेगळे. तिथे तुमच्या कसबाची परीक्षा होते. छत्तिसाव्या वर्षी केसांना पांढरा रंग लावून तिशीतल्या नायकाची आई तीन वर्षे रोज होणे म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा करारच. पाच विचारणांपैकी घ्यायचीच असेल तर तुमच्या वयाची, खलनायिकेचीच का होईना, भूमिका आधी घ्या.

आणि घेताना दोन गोष्टी करारात लिहून मागा. तोंडी आश्वासन चित्रीकरणाच्या दुसऱ्या महिन्यात कोणालाच आठवत नाही. पहिली, शनिवार-रविवारी नाटकाच्या प्रयोगांसाठी सुटका. पुष्कळ नट ती मागतात आणि मिळवतात. दुसरी, वर्षानंतर दोन्ही बाजूंनी फेरविचार करण्याची सोय. कराराच्या काळात दुसरीकडे काम न करण्याचे कलम असेल तर त्यात नाटक आणि आवाजाचे काम वगळून घ्या. नाटकाच्या नाईटचे, म्हणजे एका प्रयोगाचे, पैसे मालिकेच्या दिवसाच्या पैशांपुढे थोडेच असतील, हे तुम्हाला ठाऊक आहे. परंतु तिथे चार आठवड्यांची तालीम मिळते आणि तिचे मोल मी वर सांगितलेच आहे.

सासूबाईंच्या शेजारणींचे फारसे मनावर घेऊ नका. त्यांना पुढच्या वेळी गावी गेल्यावर स्वतःच्या हाताने चहा करून द्या. त्या चहा पिताना तुमच्याकडे संशयाने पाहतील, ते नीट न्याहाळा, कधीतरी उपयोगी पडेल.

महिनाअखेरीस फोनवर उत्तर देण्याआधी त्या मालिकेच्या लेखकाशी दहा मिनिटे बोलण्याची परवानगी मागा आणि त्याला एवढेच विचारा, की ही बाई घरात एकटी असते तेव्हा काय करते. लेखक हसून 'ती एकटी कधी नसतेच' म्हणाला, तर ही भूमिका केवळ हप्त्यांसाठी आहे असे समजून तेवढीच मुदत ठरवा. तो विचारात पडला, किंवा 'सांगतो' म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तर भूमिका खलनायिकेची असली तरी माझे मत होकाराचे राहील. आणि त्या शेतमजूर बाईच्या एकांकिकेची संहिता गावी कोणाच्या तरी कपाटात असेल. ती या आठवड्यातच मागवून घ्या.